दिवा दिला, दिवा गेला

१

रिलेची वायर निघालेली होती.

पोलीस ठाण्याच्या आवारात आणून ठेवलेल्या जीपचं तोंड पार चेपलं होतं, बॉनेट दुमडून वर आलं होतं, आणि त्या सगळ्या नासाडीत ती एक लाल वायर आपली मोठ्या दिव्यांना करंट देणाऱ्या डबीतून सुटून खाली लोंबत होती. गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या रहेमाननं ती वाकून बघितली. दोन महिन्यांपूर्वी नाशकात द्वारका चौकातल्या आपल्या दुकानात ती त्यानं स्वतःच्या हातानं बसवली होती.

"तुमचंच काम ना हे, रहेमानभाई?" मोहिनी गायधनींनी विचारलं. त्या मोटार वाहन निरीक्षक. अपघातातल्या गाड्या तपासून अहवाल लिहायचं काम त्यांच्याकडे. बाईंचा आवाज कधी चढायचा नाही, आणि म्हणूनच समोरचा जास्त टरकायचा.

"माझंच आहे, मॅडम."

मागच्या गुरुवारी, दिवस मावळून अंधार पडताना, सुरगाण्याच्या वाटेवरच्या घाटात हे घडलं होतं. द्राक्षांची छाटणी उरकून भात कापायला घरी निघालेली माणसं घेऊन जीप उतरत होती. खालून गुजरातहून परतणारा रिकामा ट्रक चढत होता. वळणावर ट्रकनं जीपला धडक दिली आणि जीप दरीत गेली. सहा माणसं मेली. जीप चालवणारा पुंजा गावित त्यातच गेला, अवघा सत्तावीस वर्षांचा.

"ट्रक ड्रायव्हर म्हणतो, जीपला दिवेच नव्हते," मोहिनीबाई म्हणाल्या. "वाचलेल्या काळूच्या जबाबात लिहिलंय, 'दिवा गेला'. आणि ही तुमची वायर. सोमवारी माझा अहवाल जाणार. त्यात काय लिहू?"

रहेमान खाली बसला. फुटलेल्या हेडलाइटमधून त्यानं बल्बचे अवशेष चिमट्यानं उचलले. पेटत्या बल्बची काच फुटली तर आतली तार हवेत जळते आणि पांढरी-पिवळी राख धरते. विझलेल्या बल्बची तार मात्र तुटली तरी चकचकीत राहते. मोठ्या बल्बांच्या तारा चकचकीत होत्या. शेजारच्या बारक्या, पार्किंगच्या बल्बांच्या तारांवर मात्र राख होती. म्हणजे धडकेच्या क्षणी बारके दिवे पेटलेले, मोठे विझलेले.

कोणी मुद्दाम हात लावला असेल का? रहेमान वायरच्या जुड्या काळ्या टेपनं गुंडाळत नसे. इंजिनाच्या उष्णतेनं टेपचा गोंद वितळतो. तो मेणाच्या दोऱ्यानं जुडी बांधायचा, बापानं मागावर शिकवलेली विणकराची गाठ मारून. नाशकात दुसरं कोणी तशी बांधत नाही. लोंबत्या वायरीच्या वर ती गाठ शाबूत होती, बारकी, चपटी, शेपूट डावीकडे वळलेली.

"गाठ माझीच आहे, मॅडम," तो म्हणाला. "कोणी सोडली असती तर अशी पुन्हा बांधता आली नसती."

"आत बघायचंय का?"

सीटवर अजून रक्त वाळलेलं होतं. रहेमाननं मान फिरवली. पन्नाशीचा माणूस, पण आत डोकावायची त्याची छाती झाली नाही. आणि तिथंच तो चुकला.

फाटकाजवळ हवालदार सहादू सहज बोलून गेला, "परवा लासलगावचा वायरमन पण येऊन गेला. इथं ठेवलेल्या त्या ट्रकची बॅटरी काढायला."

२

दुकानाच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. सुरय्यानं, म्हणजे रहेमानच्या बायकोनं, तिच्यासमोर चहा ठेवला होता. म्हातारीनं त्याला हातही लावला नव्हता.

"मी चिमणाबाई. पुंजाची आई."

रहेमानला कुठं बघावं ते कळेना.

"पाड्यावर माझ्याशी कोन बोलत नाय," ती म्हणाली. "हापशीवर गेलं की बाया हंडे उचलून निघून जातात. पुंजानं पाच मानसं मारली म्हनतात. दारू प्याला होता म्हनतात, बिगर दिव्याची गाडी हाकत होता म्हनतात. तुमीच दिवे बसवले ना? मंग सांगा. तुमचा दिवा गेला, का माझ्या पोराचा हात चुकला? एक काय ते सांगा."

रहेमानला पुंजा आठवला. "मामू, घाटात काय दिसत नाय, शंभर-एकशेतीसचा बल्ब टाक," असं म्हणत आला होता. टाकतात की लोक सर्रास! रहेमाननं त्याला चांगलाच झापला होता. "साठ-पंचावन्न वॅटच्या वर कायद्यात बसत नाही. आणि समोरच्याचे डोळे फोडून तुला रे काय दिसणार?" मग त्यानं नवे रिफ्लेक्टर बसवले. पातळ वायरीतून करंट पोचत नव्हता, म्हणून बॅटरीपासून सरळ जाड वायर ओढून मध्ये रिलेची डबी टाकली. भिंतीवर खडूची रेघ मारून झोत रेघेखाली आणला, काचेचा वरचा भाग नियमाप्रमाणे काळा केला. बल्ब तेवढ्याच ताकदीचा. पुंजा भिंतीकडे बघतच राहिला होता. "आयला मामू, एवढा उजेड गाडीतच होता व्हय!"

"दोन दिवस द्या, मावशी," रहेमान म्हणाला. "खोटं नाही सांगणार."

ती गेली आणि तेवढ्यात मुबीन आला. रहेमानचा धाकटा भाऊ. बाप गेल्यावर रहेमाननंच त्याला वाढवला आणि धंदा शिकवला. आता लासलगावला मार्केट यार्डाबाहेर त्याचं स्वतःचं दुकान होतं, कांद्याचे ट्रक त्याच्याच हाताखालून जायचे.

"भाभी, चहा."

"कप तरी उजव्या हातानं घे रे," सुरय्या म्हणाली. "चाळिशी आली तुझी, अब्बा गेले ओरडून ओरडून."

मुबीन हसला आणि कप तसाच धरून बसला. "भाईजान, परवा बॅटरी काढायला मीच गेलो होतो. जीपही बघितली. वायर सुटलीय. सुटते कधीकधी, त्यात काय? मान हलव आणि मोकळा हो. ड्रायव्हर मेलाय. त्यानं नीट बघायला हवं होतं म्हणतील, विषय संपला."

"आणि ट्रकचे दिवे?"

"साठ-पंचावन्नचेच आहेत. मी बघितले ना."

रहेमान कामाला लागला. हातात दुसऱ्या गाडीची जुडी होती, ती त्यानं बांधली. दोरा ओढला, गाठ बसली, शेपूट उजवीकडे पडली. या हातावर आजवर त्यानं कधी शंका घेतली नव्हती, आणि आज त्या हाताचीच त्याला किळस येत होती.

३

ट्रकचा ड्रायव्हर गोरक्ष लासलगावच्या यार्डात सापडला. कांद्याचा लिलाव चालू होता, ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत आलेली. गोरक्ष एका गोणीवर बसून तंबाखू मळत होता. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"तुमी वायरमनच ना?" तो म्हणाला. "मंग मला काय विचारता? तुमच्या वायरीला विचारा."

"तुला काय दिसलं तेवढं सांग."

"वरून दोन दिवे येत होते. लांब व्हते. एकदम दिसंना झाले. मला वाटलं, गेली गाडी एखाद्या पाड्याच्या वाटंला. मी आपला वळनावर मधून घेतला. आन् बघतो तर समोर दोन बारके ठिपके! ब्रेक मारतो तवर..." त्यानं तंबाखू तशीच टाकून दिली.

"ठिपके? जीप नाही दिसली?"

"ठिपकेच. जीप हाय का टेम्पो, ते पन कळलं नाय."

"तुझे दिवे कसे होते?"

"लय भारी!" गोरक्ष जरा जास्तच घाईनं म्हणाला. "दिवसासारखं दिसायचं."

परतीच्या एसटीत रहेमान ते शब्द घोळवत बसला. काहीतरी खुपत होतं. दिवसासारखे दिवे, आणि समोरची अख्खी जीप दिसली नाही? टपावरची बोचकी नाहीत, काच नाही, आतली माणसं नाहीत, फक्त ठिपके?

पण पुंजाचे दिवे विझले होते, हे तर तारच सांगत होती. त्याचं काय करायचं?

४

काळू सरकारी दवाखान्यात होता, पाय प्लास्टरात. पुंजाचा आतेभाऊ. उशाशी चिमणाबाई बसली होती. पाड्यावर कोणी बोलत नाही म्हटल्यावर ती इथंच राहिली होती.

"पोलिसाला काय सांगितलंस, ते शब्दाला शब्द सांग," रहेमान म्हणाला.

"सांगितलं ना. पुंजानं दिवा दिला. मंग दिवा गेला."

"जबाबात तर नुसतं 'दिवा गेला' लिहिलंय."

"त्यो लिवनारा म्हनला, दिवा दिला म्हंजे लावला, आन् दिवा तर बंद होता, तू शुद्धीवर नाय. एकच लिव म्हनला."

रहेमानलाही त्यात वेगळं काही वाटलं नाही. दिवा दिला म्हणजे झोत मारला, डिपर दिला; शहरात तसंच म्हणतात. "म्हणजे पुंजानं ट्रकला डिपर मारला, आणि मग त्याचा दिवा गेला. असंच ना?"

"मारंल कशाला?" चिमणाबाईच मध्ये बोलली. "दिवा दिला म्हंजे घालवला."

"काय?"

"अवं, एकच गाडी मावती अशी वाट. जी गाडी वर चढती तिला दिवा द्यायचा. आपली गाडी कडंला लावायची, आपला मोठा दिवा घालवायचा, बारका ठेवायचा. म्हंजे तिच्या डोळ्यावर येत नाय, आन् तिला कळतं का वाट तुझी, ये. आमच्याकडचे समदे जीपवाले तसंच करतात. पुंजा तर कोनाला दिवा दिल्याबिगर फुडं जायचाच नाय."

रहेमान उभाच राहिला. शहरात दिवा देणं म्हणजे पेटवणं, आणि घाटात दिवा देणं म्हणजे आपला विझवून दुसऱ्याला वाट देणं! कागदावर लिहिणाऱ्यानं दोन वाक्यांतलं एकच ठेवलं, आणि ठेवलं तेही नेमकं चुकीचं.

"काळू, नीट आठव. जीप चालू होती का उभी?"

"हुबी. कडंला. पुंजा बिडी काडत होता खिशातून."

"मग दिवा गेला म्हणालास. पुंजानं तर आधीच घालवला होता. मग गेला तो कोणाचा?"

काळूनं त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं.

"ट्रकचा. दुसऱ्या कोनाचा?"

५

या वेळी रहेमान थेट जीपच्या केबिनमध्ये शिरला. अंगावर काटा आला तरी शिरला.

"मॅडम, हे बघा." डॅशबोर्ड चेपून दिव्याचा ओढायचा खटका त्यात घट्ट अडकला होता. "हा एक घर ओढला की बारके दिवे लागतात, दोन घरं ओढला की मोठे. हा पहिल्या घरात अडकलाय. वायर सुटून दिवे गेले असते तर खटका दुसऱ्या घरात राहिला असता. पुंजानं दिवे स्वतः घालवले. आणि हँडब्रेक वर ओढलेला, गिअर न्यूट्रल. दरीत पडलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढायला कोण जातंय? गाडी उभी होती."

मोहिनीबाईंनी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. "हे मीच बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या. तेवढं बोलायची दानत फार थोड्यांकडे असते.

"आता ट्रक."

ट्रकचे बल्ब साठ-पंचावन्नचे होते, मुबीन म्हणाला होता तसेच. पण ते कोरे करकरीत होते, आणि त्यांच्या मागचे होल्डरही कोरे. रहेमाननं वायर चाचपत हात आत घातला. वीतभर आत गेल्यावर वायरीचं रबर हाताला खडबडीत लागलं. काळं पडलेलं, जळून चिकटलेलं. हात बाहेर काढताना पत्र्यानं त्याचं बोट कापलं. रक्त आलं, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

"शंभर-एकशेतीसचे बल्ब होते यात," तो म्हणाला. "रिले नाही, जाड वायर नाही, कंपनीच्या पातळ वायरीवरच टाकलेले. चढावर ड्रायव्हरनं सगळा झोत लावून ठेवला, वायर तापली, होल्डर वितळला, आणि वळणावरच दिवे गेले. म्हणून गोरक्षला जीप दिसली नाही, नुसते ठिपके दिसले. पुंजानं त्याला वाट द्यायला आपला दिवा घालवला आणि त्याच वेळी याचा जळाला. नंतर कोणीतरी येऊन बल्ब-होल्डर बदलले, आणि जाता जाता जीपची वायर ओढून ठेवली, म्हणजे गेलेला दिवा जीपचा ठरावा."

"कोणीतरी म्हणजे कोण? तुमचीच गाठ शाबूत आहे म्हणालात ना? उद्या वकील म्हणेल, वायर रहेमाननंच काढली आणि बांधली. नाव नसेल तर माझा अहवाल टिकत नाही. मग पुन्हा सगळं पुंजावर आणि तुमच्यावर."

नव्या होल्डरच्या मागं, जिथं नवी वायर जुन्या वायरीला जोडली होती, तिथं मेणाचा दोरा होता. विणकराची गाठ. शेपूट डावीकडे.

रहेमान जीपकडे गेला. तिथंही डावीकडेच. त्यानं स्वतःच्या खिशातला दोरा काढून एक गाठ मारली. उजवीकडे. पुन्हा मारली. उजवीकडेच. तीस वर्षं तो एकाच बाजूला बांधत आला होता, आणि पहिल्या दिवशी नुसती गाठ बघून "माझीच" म्हणून मोकळा झाला होता.

येवल्याच्या त्या खोलीत बाप मागावर बसून ओरडायचा, तुझी गाठ उलटी पडते, सगळा ताणा बिघडवतोस! तो कोणाला ओरडायचा, हे रहेमानला कोणी सांगायची गरज नव्हती.

"नाव आहे का?" मोहिनीबाईंनी विचारलं.

त्याला 'नाही' म्हणता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. मग त्याला चिमणाबाई दिसली, हापशीवर एकटी.

"रविवारी ट्रकचे दिवे तपासायला बॅटरी मागवा, मॅडम," तो म्हणाला. "जो बसवायला येईल, त्याला थांबवून घ्या."

६

रविवारी सकाळी मुबीन बॅटरी घेऊन आला. गोरक्षलाही बोलावलं होतं. चिमणाबाई भिंतीला टेकून उभी होती.

"भाईजान, तू पण इथं? आणि बोटाला काय झालं?"

"कापलं." रहेमाननं बोटाला चिंधी बांधली होती. हातात सुटी जुडी होती आणि मेणाचा दोरा. "एवढी बांधून दे रे. मला धरवत नाही."

"दे इकडं." मुबीननं काळजीनं जुडी घेतली, आधी भावाचं बोट बघितलं, चिंधी नीट केली, आणि मग झर्रकन गाठ मारून दिली. लहानपणापासून भावानं सांगितलेलं काम तो असंच करायचा, काही न विचारता.

शेपूट डावीकडे पडली.

रहेमाननं ती जुडी मोहिनीबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती जीपच्या गाठीशेजारी धरली, मग ट्रकच्या. मुबीनला कळलं. तो स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिला.

आधी फुटला तो गोरक्ष. "गेले व्हते, मॅडम! वळनावरच गेले दिवे. रबर जळल्याचा वास आला, मी चाचपडतोय खटका... मला म्हनले, दिव्यांचं बोलू नको, जीपवर जाऊ दे."

"कोण म्हणालं?"

गोरक्षनं मुबीनकडे बघितलं.

"मेलेल्याला काय फरक पडतो, असं वाटलं," मुबीन हळूच म्हणाला. "बल्ब मीच टाकले होते, भाईजान. रिले टाकायला वेळ कोणाला आहे? सगळेच टाकतात. पोलीस आले तेव्हा मी घाबरलो. जीपचं बॉनेट उघडलं आणि तुझा दोरा दिसला. तेव्हाच परत फिरायला हवं होतं. पण दोरा कापून वायर ओढली, आणि मग हात आपोआप जुडी परत बांधायला लागला."

"माझा दोरा दिसला, तरी ओढलीस?"

रहेमानला त्याला मारावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं, आणि दोन्ही करता आलं नाही. सहादूनं मुबीनच्या दंडाला धरून त्याला आत नेलं. जाताना मुबीन एवढंच म्हणाला, "बोटाला टिटॅनसचं घेऊन ये."

चिमणाबाई पुढं आली. या सगळ्यातलं तिला एकच हवं होतं.

"मंग, माझ्या पुंजानं दिवा दिला ना?"

"दिला, मावशी. बरोबर दिला," रहेमान म्हणाला. "गाडी कडेला लावली, ब्रेक ओढला, दिवा दिला. त्याचं काही चुकलं नाही."

"असं कागदावर लिवनार?"

"मी लिहिते," मोहिनीबाई म्हणाल्या. "काळूची दोन्ही वाक्यं लिहिते."

म्हातारी अकरा दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणानं रडली.

रहेमान दुपारी घरी आला. सुरय्यानं दोन कप काढून ठेवले होते. "मुबीन येणार होता ना जेवायला?"

त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, जुडी आपणच त्याच्या हातात दिली हेही सांगितलं. सुरय्यानं एक कप उचलून फळीवर पालथा ठेवला आणि ती आत गेली.

त्याच हिवाळ्यात एक ट्रकवाला दुकानात आला. "शंभर-एकशेतीस टाकता का?" त्यानं विचारलं. "लासलगावचा वायरमन टाकून द्यायचा, पण त्याचं दुकान बंद दिसतंय."

"नाही," रहेमान म्हणाला. "साठ-पंचावन्न, रिले आणि जाड वायर. घ्यायचं तर घ्या."

त्यानं काम केलं. भिंतीवर रेघ मारली, झोत खाली आणला, काचेचा वरचा भाग काळा केला. शेवटी जुडी बांधायची वेळ आली तेव्हा त्यानं खणातला मेणाचा दोरा मागं सारला आणि काळ्या टेपचं नवं बंडल फोडलं.

"टेप उष्णतेनं सुटते म्हणतात ना?" ट्रकवाल्यानं विचारलं.

"सुटते," रहेमान म्हणाला, आणि गुंडाळत राहिला.